१० इंची साधी मायटर सॉ बदलायची आहे: स्लाइडिंग घ्यावी की १२ इंची?

टिळकवाडी_लाकूडकाम
नमस्कार मंडळी. घरामागच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत काम चालतं. सध्या २५५ मिमी (१० इंची) ब्लेडची, न सरकणारी, १६५० वॉटची मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापायची मशीन, आहे. कामं म्हणजे सागवानी आरशाच्या आणि फोटोंच्या फ्रेमा, देव्हारे, टीपॉय, कपाटाच्या झडपा, कधीतरी ५ बाय ३ इंचाची दाराची चौकट.

अडचणी दोन आहेत. २०० मिमी रुंद फळी एका कापात निघत नाही. उलटून कापली की मधे पायरी राहते. दुसरी म्हणजे ४५ अंशांच्या कापांची फ्रेम जोडताना तीन कोपरे बसतात आणि चौथ्यात फट पडते.

बजेट ५० हजार. टेबल भिंतीला टेकलेलं आहे, भिंतीपासून ६०० मिमी पुढे येतं. १० इंची स्लाइडिंग (ब्लेड पुढे-मागे सरकणारी), १२ इंची साधी की १२ इंची स्लाइडिंग?

गुण्या
दोन्ही अडचणी वेगळ्या ठेवा. रुंद फळी हा मशीनचा प्रश्न आहे. कोपऱ्यातली फट बहुतेक वेळा सेटिंगचा प्रश्न असतो, आणि तो सुटला नाही तर नव्या मशीनवरही तसाच येईल. म्हणून खरेदीआधी आहे त्या मशीनवर ही तपासणी करा की.

प्लग काढा. ब्लेडच्या दातांना न टेकवता, दोन दातांच्या मधल्या पत्र्याला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का ते बघा. दाताला गुण्या टेकला तर माप चुकतं, कारण दात पत्र्याच्या बाहेर आलेले असतात. मग १२ ते १८ मिमी एमडीएफची, दोन्ही कडा समांतर असलेली, १४० मिमीच्या आसपास रुंद पट्टी घ्या. कोन शून्यावर ठेवून मधोमध कापा. उजवा तुकडा उलथा करा, म्हणजे वरची बाजू खाली जाईल आणि फेन्सला (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीला) आता दुसरी कड टेकेल, आणि दोन्ही कापलेली तोंडं परत जुळवा. कोन बरोबर असेल तर फट दिसणार नाही. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, निम्मी करा, पट्टीच्या रुंदीने भागा, अंशांसाठी ५७ ने गुणा. १४० मिमी रुंदीवर ०.५ मिमी फट म्हणजे साधारण ०.१ अंश.

निपाणीकर
गुण्यांनी फटीचं सांगितलं, मी मापाचं सांगतो. ब्लेडचा इंच बघून मशीन घेऊ नका, आपल्या कामातला सगळ्यात रुंद आणि सगळ्यात जाड काप लिहून काढा. ढोबळ आकडे असे: १० इंची साधी ९० अंशात १३० ते १५० मिमी रुंद कापते, १२ इंची साधी २०० च्या आसपास, १० इंची स्लाइडिंग ३०० च्या आसपास, १२ इंची स्लाइडिंग त्याहून थोडी जास्त. ४५ ला वळवलं की रुंदी साधारण सत्तर टक्क्यांवर येते. म्हणजे तुमची २०० ची फळी १२ इंची साधीवर ९० ला कशीबशी निघेल आणि ४५ ला अडेल. ती तुमच्या यादीतून आत्ताच काढा.

जाडीचा मुद्दा लोक विसरतात. ब्लेड गोल असल्यामुळे रुंदी आणि उंची दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत. न सरकणाऱ्या १० इंचीच्या पुस्तिकेत ९३ बाय ९५ किंवा ६९ बाय १३० (उंची बाय रुंदी) अशी जोडी दिलेली असते. ५ बाय ३ चा नग म्हणजे रुंदी १२७, उंची ७६. रुंदी बसते, उंचीत ७ मिमी कमी पडतात. म्हणूनच चौकटीचा नग सध्या उलटून कापावा लागतोय. स्लाइडिंगमध्ये ब्लेड पुढे-मागे जातं, त्यामुळे पूर्ण उंची सगळ्या रुंदीभर मिळते. तरी ७६ उंची आहे की नाही ते त्या-त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघूनच घ्या, कारण १० इंची स्लाइडिंगमध्ये उंची ७५ ते ९० अशी बदलते.

पटाशी_खानापूर
चौकटीची कामं वाढणार असतील तर सरळ १२ इंची स्लाइडिंग घ्या. एकदाच खर्च होईल. जाड सागवानात १२ इंचीचा दम वेगळाच.

निपाणीकर
पटाशीदादा, दम मोटरमध्ये असतो, ब्लेडच्या व्यासात नाही. १० इंची मशीन मिनिटाला ४६०० फेऱ्यांनी फिरली काय आणि १२ इंची ३८०० नी फिरली काय, दाताचा वेग दोन्हीकडे सेकंदाला साठ मीटरच्या आसपासच येतो. उलट १२ इंची पत्रा मोठा असल्याने तो जास्त थरथरतो. फ्लँजजवळ (ब्लेड घट्ट धरणाऱ्या चकतीजवळ) २५ मिमीवर ०.०२ मिमी लंगडेपणा असेल तर कडेला तो १० इंचीत ०.१ आणि १२ इंचीत ०.१२ होतो, शिवाय पत्र्याची लवचिकता वेगळीच. बारीक फ्रेमकामाला ते नडतं. आणि आपल्याकडे दाराच्या चौकटीला ४५ चा काप कुठे लागतो? खाच आणि कुसू (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) करतात. तिथे फक्त ९० चा काप हवा.

पटाशी_खानापूर
चौकटीला ४५ लागत नाही हे मान्य. पण फेन्सला उभी लावून १०० मिमी उंच स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) कापायची असेल तर १२ इंचीची उंची कामी येते, हे लक्षात ठेवा.

टिळकवाडी_लाकूडकाम
उंच स्कर्टिंगचं काम नाही. तपासणी केली. १४० मिमी एमडीएफ, उलथ्या तुकड्याशी ०.८ मिमी फट. ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे. म्हणजे ०.१६ अंश, बरोबर? एवढ्याने फ्रेमला फट पडते? पट्टी सपाट आहे, ५० मिमी रुंद. कोन उजवीकडे ४५ ला एकदाच लावतो आणि पट्टी उलटून दुसरं टोक कापतो.

गुण्या
०.१६ बरोबर. आणि फटीचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे.

फेन्स तिरकी असेल तर उजवीकडचा ४५ समजा ४५.१६ होतो आणि डावीकडचा ४४.८४. एक टोक उजवीकडे आणि दुसरं डावीकडे कापलं तर कोपऱ्यात दोघांची बेरीज ९० च येते. तुम्ही सगळे काप एकाच बाजूला करता, त्यामुळे प्रत्येक टोकाला तीच चूक त्याच दिशेने जाते. आठ काप, ०.१६ च्या आठपट, जवळपास १.३ अंश. तीन कोपरे दाबून बसवले की सगळी चूक चौथ्यात जमा होते. ५० मिमी पट्टीचा ४५ चा काप ७१ मिमी लांब असतो, त्यावर १.३ अंश म्हणजे १.६ मिमी फट. मोजून बघा, तेवढीच असेल.

डावा-उजवा काप करून बेरीज जुळते, पण एक तोंड दुसऱ्यापेक्षा थोडं लांब होतं आणि बारीकशी पायरी येते. म्हणून फेन्सच सरळ करा. फेन्सचे ॲलन बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. टेबल शून्याच्या खाचेत (कोन आपोआप अडकतो ती जागा) बसवून हँडल घट्ट करा. ब्लेड खाली लॉक करा. चांगला गुण्या फेन्स आणि ब्लेडच्या पत्र्याला लावा, फेन्स सरकवा, ब्लेडजवळचे बोल्ट आधी आवळा, टोकाचे नंतर. मग परत तुकडा उलथा करून तपासा. गुण्याने जुळवणं ही सुरुवात, अंतिम निकाल कापलेल्या तुकड्याचाच धरायचा. १४० मिमीवर फट ०.१ मिमीच्या आत आली की फ्रेमकामाला पुरे.

दोन-तीन दशांश अंशाची तात्पुरती दुरुस्ती हवी असेल तर फेन्स आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाचं पॅकिंग द्या. पाव मिमी जाडीचं व्हिजिटिंग कार्ड, फळी फेन्सला टेकते त्यापासून १५० मिमीवर ठेवलं तर साधारण ०.१ अंश बदल होतो. कोनाच्या खाचेजवळचा कोन हाताने लावायचा प्रयत्न करू नका, हँडल आवळताना टेबल घसरून खाचेतच जातं. काही मशीनमध्ये खाच बंद करायची कळ असते. नवी घेताना ती आहे का ते बघा, फार कामाची आहे.

सह्यकडा
जांबोटी-कणकुंबीकडून (घाटमाथ्याच्या पावसाळी भागातून) आलेलं लाकूड असेल तर आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात उघड्या शेडमधलं सागवान ओलं असतं, आणि त्याच लाकडाची फ्रेम मार्चच्या उन्हात सुकते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत आक्रसतं. त्यामुळे काप ४५ पेक्षा थोडा कमी होतो, बाहेरचं टोक जुळलेलं राहतं आणि आतल्या बाजूला फट उघडते. ओलं होऊन फुगलं तर उलट, बाहेरच्या बाजूला. म्हणजे फट कधी आणि कुठल्या बाजूला पडली त्यावरून दोष मशीनचा की लाकडाचा ते कळतं. जोडल्या दिवशीच फट असेल तर मशीन, दोन महिन्यांनी आतून उघडली तर ओलावा. ओलावा मोजायचं मीटर घ्या, १२ टक्क्यांच्या वर असलेलं लाकूड फ्रेमेला लावू नका.

रेषा_अनगोळ
ब्लेडबद्दल कुणीच बोललं नाही अजून. नव्या मशीनसोबत येणारं ब्लेड बहुतेक वेळा २४ ते ४० दातांचं असतं, चौकटी तोडायला ठीक. सागवानी फ्रेमेला १० इंचीत ६० किंवा ८० दात हवेत, दात आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरके घासलेले. सगळ्यात महत्त्वाचा दाताचा पुढचा कोन. मायटर सॉला तो उणे ५ ते अधिक ५ अंशांत हवा. टेबल सॉचं उभं चिरायचं ब्लेड १५ ते २० अंशांचं असतं. ते स्लाइडिंगवर लावलं तर दात लाकडात घुसून डोकं (मोटर आणि ब्लेडचा भाग) स्वतःच अंगावर ओढतात. हौशी लोकांचे पुष्कळ अपघात इथेच होतात, असं मला वाटतं.

छिद्र बघून घ्या. काही मशीनला २५.४ मिमी लागतं, काहींना ३० मिमी. रिंग घालून ३० चं २५.४ करता येतं, पण रिंग ब्लेडच्या पत्र्याइतकीच किंवा किंचित पातळ हवी. जाड असली तर फ्लँज पत्र्याला पकडत नाही, रिंगलाच पकडतो. ब्लेडवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते आणि डिंक चिकटतो. पुष्कळ वेळा ब्लेड बोथट नसतं, फक्त चिकटलेलं असतं. कापाला जळका डाग यायला लागला की आधी ब्लेड कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने घासा, लगेच पुसून कोरडं करा. कॉस्टिक सोडा वापरू नका. त्यानंतरही डाग आला तर धार लावायला द्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ग्राइंडिंगवाल्यांना देताना कार्बाइडची धार आणि हिऱ्याचं चाक आहे का ते विचारा, आणि दाताचा कोन कागदावर लिहून द्या.

माझा सल्ला: ५० हजारांतले चार-पाच हजार ब्लेडसाठी बाजूला ठेवा. महाग मशीनवर स्वस्त ब्लेड लावून काही उपयोग नाही.

पटाशी_खानापूर
रेषाताई, ॲल्युमिनियमचे सेक्शन पण कापायचे असतील तर?

रेषा_अनगोळ
वेगळं ब्लेड. सपाट आणि कोपरे घासलेला असे आळीपाळीने दात, पुढचा कोन उणे ५ ते ६. सेक्शन शिकंजात पक्का धरा. ॲल्युमिनियमची पूड आणि भुसा एकत्र साठू देऊ नका. लोखंड तोडायचं घासणारं चाक मात्र कधीच मायटर सॉवर लावू नका. गार्ड त्यासाठी केलेला नसतो आणि ठिणगी थेट भुशाच्या पिशवीत जाते.

वायरमन_चिकोडी
विजेचं बघून घ्या. १६५० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर सात अँपियरच्या थोडं वर. ६ अँपियरच्या सॉकेटला ही मशीन लावायची नाही, १६ अँपियरचं सॉकेट आणि ४ चौ. मिमी तार हवी. सुरू होताना करंट काही क्षण चौपट-पाचपट जातो. १२ इंची मशीनला सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग घ्यायची सोय) नसेल तर बी वक्राचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडू शकतो, सी वक्राचा, म्हणजे सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा, १६ अँपियरचा लावा. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

एक्स्टेन्शन बोर्ड हा खरा घात करतो. बाजारातल्या बोर्डची तार बहुतेक १ चौ. मिमी किंवा त्याहून बारीक असते. २० मीटर तार म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर. १ चौ. मिमीत रोध ०.८ ओहमच्या आसपास, म्हणजे चालताना ५ ते ६ व्होल्ट आणि सुरू होताना ३० अँपियरला २०-२५ व्होल्ट गळतात. २.५ चौ. मिमीमध्ये हेच चाळीस टक्क्यांवर येतं. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) लाइनवर गावाच्या टोकाला, पंप चालू असताना, आधीच १९०-२०० व्होल्ट मिळत असतील तर मोटरची ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटते. मग माणूस हँडल दाबतो, करंट वाढतो, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तापतं. मोटरच्या कार्बन ब्रशजवळ मोठ्या निळ्या ठिणग्या आणि वास आला की थांबा. टीव्ही-फ्रिजचा स्टॅबिलायझर मधे लावू नका, त्याला हा धक्का झेपत नाही.

टिळकवाडी_लाकूडकाम
फेन्स जुळवली, आता फट दिसत नाही. धन्यवाद गुण्या. मग १० इंची स्लाइडिंग पक्की. पण भिंतीचं काय? ६०० मिमी टेबलावर बसेल?

निपाणीकर
मागे रेल (डोकं ज्यांवर सरकतं ते दांडे) जाणारी असेल तर नाही. डोकं मागे ढकललं की रेल मागच्या बाजूला निघतात, एकूण ९०० मिमी किंवा जास्त जागा लागते. याला दोन तोडगे निघालेत. बॉशच्या काही मॉडेलमध्ये रेलऐवजी कोपरासारखा दुमडणारा हात असतो. मकिताच्या काही नव्या मॉडेलमध्ये रेल स्थिर राहतात आणि डोकं त्यांच्यावर पुढे सरकतं. दोन्ही भिंतीला जवळपास टेकवून ठेवता येतात. डीवॉल्टच्या १२ इंची स्लाइडिंगचे रेल मागे जातात, पण तिच्यातली ब्लेडची सावली पाडणारी दिव्याची सोय फार छान आहे. लेझरला दर वेळी जुळवावं लागतं, सावली आपोआप ब्लेडच्याच रुंदीची पडते.

मागे रेल असलेलीच स्वस्तात मिळत असेल तर टेबल भिंतीपासून ३५० मिमी पुढे ओढा, मागे भुशाचं खोकं ठेवा. १० फुटी खोलीत तेवढी जागा जाते, हे धरून चाला.

दुकानात बघायच्या गोष्टी: डोकं पूर्ण बाहेर ओढून हँडल डावी-उजवीकडे हलवा. टोकाला खेळ जाणवला तर ती मशीन सोडा, सेटिंगने हा दोष जात नाही. फूटभर लोखंडी पट्टी टेबलावर आणि फेन्सवर उभी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. दोन्ही बाजूंची फेन्स एका रेषेत हवी. तिरक्या कापाचा लॉक आवळताना डोकं हलतं का बघा. कार्बन ब्रश बाहेरच्या टोपणातून बदलता येतात का विचारा. वॉरंटीचं काम जवळ कुठे होतं, बेळगावात, हुबळीत की कोल्हापुरात, ते पैसे द्यायच्या आधी फोन करून खात्री करा. सीमेपलीकडून स्वस्त आणली तरी बिल आणि सिरीयल नंबर जुळायला हवा.

सह्यकडा
रेलना तेल-ग्रीस लावू नका, भुसा चिकटून लगदा होतो. सिलिकॉनचा फवाराही नको, टेफ्लॉनचा कोरडा फवारा किंवा मेण लावा. सिलिकॉन लाकडाला लागलं तर पॉलिश धरत नाही. जून ते सप्टेंबर मशीनवर प्लॅस्टिक झाकू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका. टेबलाला महिन्यातून एकदा मेण.

रेषा_अनगोळ
स्लाइडिंगवर पहिल्यांदा काम करताना क्रम असा ठेवा. डोकं आधी पूर्ण पुढे ओढा, मशीन सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या, खाली दाबा, मग मागे ढकला. स्वतःकडे ओढत कधीच कापू नका, ब्लेड लाकडावर चढून अंगावर येतं. काप संपला की बटण सोडा आणि ब्लेड थांबेपर्यंत खालीच धरा. वर उचलताना फिरतं ब्लेड लहान तुकडा फेकतं. हात ब्लेडपासून १५० मिमी लांब. त्याहून छोटा तुकडा असेल तर शिकंजा. हातमोजे नकोत, दातात अडकले तर हात ओढला जातो. वाकडी फळी असेल तर फुगीर कड फेन्सला टेकवा, नाहीतर कापताना फट मिटते आणि ब्लेड अडकतं.

खालून टवके उडत असतील तर टेबलाच्या खाचेवर ६ मिमी प्लाय दुहेरी टेपने लावा आणि त्यातूनच पहिला काप घ्या. ब्लेडच्या रुंदीएवढीच फट राहते. फेन्सलाही तशीच पट्टी.

मशीनसोबतची पिशवी निम्मासुद्धा भुसा पकडत नाही. व्हॅक्यूम लावा, मागे तीन बाजूंनी बंद खोकं करा, आणि एन ९५ मास्क घाला. कठीण लाकडाच्या बारीक धुळीने नाकाच्या आतल्या भागाचा कॅन्सर होतो, हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. शिसमाच्या धुळीने त्वचेलाही त्रास होतो.

टिळकवाडी_लाकूडकाम
ठरलं. १० इंची स्लाइडिंग, रेल मागे न जाणारी, ८० दातांचं ब्लेड वेगळं, १६ अँपियरची वेगळी लाइन. एकच शेवटचं: ब्लेड बदलताना जुन्या मशीनचा बोल्ट सुटतच नाहीये, पाना घसरतोय.

गुण्या
जोर लावू नका, दिशा तपासा. मायटर सॉच्या ब्लेडचा बोल्ट बहुतेक वेळा उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. प्लग काढा, शाफ्टचं लॉक दाबून ब्लेड हळू फिरवा, लॉक खटकन बसलं की मग पाना लावा. रिंग पाना किंवा ॲलन की पूर्ण आत गेली आहे ना ते बघा. नवं ब्लेड बसवताना दोन्ही फ्लँज पुसून घ्या, त्यांच्यामध्ये भुशाचा एक कण राहिला तरी ब्लेड लंगडतं. दातांची दिशा गार्डवरच्या बाणाशी जुळवा. सुरू करण्याआधी हाताने एक फेरी देऊन बघा.